अण्णाच्या फॉर्ममधले दोन चौकोन

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात फॉर्म भरायची एक पद्धत आहे. आधी सही, मग मजकूर. रेशनकार्डाचा असो, गॅसचा असो, कुणाच्या मुलीच्या स्कॉलरशिपचा असो, फॉर्म माझ्याकडे येतो तो खाली सही होऊनच. वरचं सगळं कोरं. मी बी. ए. पास झाले त्या वर्षापासून हे चाललंय. काकू तर दारातूनच सांगायची, "सही घातलीय बघ, बाकीचं तू घाल." बाकीचं म्हणजे व्यवसाय, पत्ता, घरात माणसं किती, आणि अर्जाचं कारण. कारणसुद्धा मीच द्यायचं.

मी रागवायचे. कोऱ्या कागदावर सही करू नये, उद्या कुणी घर लिहून घेईल, असं दरवेळी बजावायचे. सगळे मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा सही करूनच आणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शिंप्याच्या घरातली मी पहिली पदवीधर, हे मी स्वतःच सांगते, कारण मी नाही सांगितलं तर दुसरं कोण सांगणार? पुढे एम. ए. केलं, तेही तत्त्वज्ञानात, तेही नोकरी करत, पत्राद्वारे. आज म्हैसूरच्या एका कॉलेजात शिकवते. आमच्या मोहल्ल्यात तत्त्वज्ञान म्हणजे काय ते कुणाला नीट माहीत नाही, पण त्यात पास झालेल्या बाईला फॉर्म चांगला भरता येतो एवढं सगळ्यांना माहीत आहे.

तर मागच्या वर्षी अण्णाचा फॉर्म आला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. म्हैसूरजवळ कडकोळला एका कारखान्यात एकोणतीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर होता. पोलादी शाफ्ट घासून गुळगुळीत करायचे, केसाच्या शंभराव्या भागाइतका फरक चालत नाही, असलं काम. कंपनीनं तो विभाग बंद करून सगळी यंत्रं गुजरातकडच्या नव्या कारखान्यात न्यायचं ठरवलं. जुन्या कामगारांना एक पानी फॉर्म दिला. त्यात दोन चौकोन. एकापुढं लिहिलेलं, नव्या ठिकाणी बदली मान्य. दुसऱ्यापुढं, स्वेच्छानिवृत्ती मान्य. दोनातल्या एकावर खूण करायची आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा.

अण्णानं तो माझ्या सरस्वतीपुरमच्या घरी आणून दिला तेव्हा खाली त्याची सही होती. कन्नडात, मोठी, मान वर केलेली. दोन्ही चौकोन रिकामे.

"कुठल्यावर करायची?" मी विचारलं.

"ते तू बघ की, पुट्टी. तुला कळतंय."

पुट्टी म्हणजे लहानी. मी पंचेचाळिशीला आले तरी त्याला पुट्टीच. चहा प्यायला, कपाटातली पुस्तकं एकदा वरपासून खालपर्यंत बघितली, आणि गेला.

आता त्या आठवड्यात मी काय करत होते ते सांगायला पाहिजे. नाहीतर मी जे केलं ते कुणाला कळायचं नाही.

म्हैसूरला अलीकडे, वीसेक वर्षांत, महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली बरीच मराठी कुटुंबं आहेत. त्यांचं एक मंडळ आहे, महिन्यातून एका रविवारी जमतात, कुणीतरी काहीतरी बोलतं. त्यांना कुठून तरी कळलं की इथल्याच जुन्या मराठी घरातली एक बाई तत्त्वज्ञान शिकवते. त्यांनी मला बोलावलं. मी विषय दिला: चीनमधल्या ताओ विचारातला 'मी' आणि अस्तित्ववादातला 'मी'. हा निबंध मी तौलनिक तत्त्वज्ञानाच्या पेपरासाठी कधीतरी सुरू केला होता, तो त्या निमित्तानं पुरा करायला घेतला. व्याख्यान रविवारी होतं. अण्णाच्या फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, सोमवारी.

अस्तित्ववाद मला पहिल्यापासून आवडतो. त्याचं म्हणणं साधं आहे. माणूस कोण आहे हे आधी ठरलेलं नसतं. तो आधी असतो, मग एकेक निवड करत स्वतःला घडवतो. बापानं काय केलं, जातीनं काय केलं, गरिबीनं काय केलं, ह्या सगळ्या सबबी. ज्याच्या पाठीमागे कुणी नाही अशा माणसाला हे तत्त्वज्ञान लगेच पटतं. मला पटलं. वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. सगळे म्हणाले, पोरीला आता शिवणावर बसवा. मी नाही बसले. तीच माझी पहिली निवड, असं मी वर्गात दरवर्षी सांगते आणि पोरं वहीत लिहून घेतात.

ताओवाला म्हणतो, तू 'मी मी' म्हणून जे कोरून काढतोस, त्या कोरण्यातच लाकूड खराब होतं. अंगावरची साल काढू नकोस, पदव्या लावू नकोस, जोर लावू नकोस. पाणी उतारानं जातं म्हणून ते हरत नाही. जो काही करायला जात नाही त्याच्याकडून सगळं होऊन जातं. हे वाचताना मला नेहमी थोडा राग यायचा. सोडून देणं हे ज्यांच्या हातात काहीतरी आहे त्यांनी बोलावं, असं मला वाटायचं. पण निबंधात दोन्ही बाजू समान ताकदीनं मांडाव्या लागतात, म्हणून मी ताओवाला शोधत होते. चिनी डोंगरावरचा नको होता. लोकांना दिसेल असा हवा होता. आणि तो माझ्या घरातच सापडला.

अण्णाच्या तोंडात एक कन्नड वाक्य कायम असतं: होगली बिडु. जाऊ दे, सोड. बस चुकली, होगली बिडु. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं, होगली बिडु. वडील गेल्यावर कारखान्यात लागला तेसुद्धा, तो म्हणतो, काही ठरवून नाही. मित्र गेटवर उभा राहायला चालला होता, एकट्याला जायला लाजत होता, म्हणून हा बरोबर गेला. मित्राला घेतलं नाही, याला घेतलं. त्याच्या पगारावर मी कॉलेज केलं. मी ती गोष्ट सगळीकडे 'माझ्या भावाचा त्याग' म्हणून सांगत आले. तो कानावर हात ठेवतो. म्हणतो, "त्याग कसला, आत बोलावलं म्हणून गेलो."

शनिवारी मी त्याच्या घरी गेले. फॉर्म पर्समध्ये होता. वहिनी भाकरी करत होती, त्यांची मुलगी बारावीची, आत गणितं करत होती. मी फॉर्म अण्णापुढे ठेवला आणि सांगितलं की हा मी भरणार नाही.

वहिनीचा हात थांबला. "भरणार नाही म्हणजे? काकूंचा भरता, गल्लीभर सगळ्यांचे भरता, आणि ह्यांचा नाही?"

मी म्हटलं, त्या फॉर्ममध्ये माहिती होती, ह्यात आयुष्य आहे. अण्णा, हे तुलाच ठरवायला पाहिजे. मग मी जे वर्गात बोलते ते बोलले. ठरवायचं नाही असं म्हणणं हेही ठरवणंच असतं. दुसऱ्याच्या हातात दिलंस तरी ते तूच दिलेलं असतं, त्यातून सुटका नाही. मी बराच वेळ बोलले. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, त्या मी मोठ्यानं वाचून दाखवल्या: कोणताही पर्याय न निवडल्यास कर्मचाऱ्यानं बदली स्वीकारली आहे असं समजण्यात येईल, आणि पंधरा दिवसांत हजर न झाल्यास नाव कमी करण्यात येईल. माझ्या निबंधाची तीन पानं कंपनीच्या कुठल्याशा कारकुनानं दोन ओळींत लिहून ठेवली होती. मला त्या क्षणी त्याचं कौतुकच वाटलं.

अण्णानं सगळं ऐकलं. मधे एकदा आतल्या पोरीला पंखा बारीक कर म्हणाला.

"बरं," तो म्हणाला. फॉर्मची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "उद्या तुझं भाषण किती वाजता?"

वहिनी मला सोडायला जिन्यापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, तुम्ही शिकलेली माणसं ऐन वेळी हात वर करता. मी तिला म्हटलं, वहिनी, मी त्याचा मान ठेवतेय. तिनं पदराला पीठ पुसलं आणि आत गेली. मला त्या वेळी ती अडाणीपणानं बोलते असं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

रविवारी अण्णा खरंच आला. इस्त्रीचा शर्ट, शेवटची ओळ, दाराजवळची खुर्ची. माझं भाषण त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं. मी अस्तित्ववाद सांगितला, लोक डुलले. मग ताओ सांगायला मी कारखान्यात शिरले. म्हटलं, ग्राइंडिंगमध्ये एक शेवटची पायरी असते, तिला स्पार्क-आउट म्हणतात. फिरतं चाक शाफ्टवर दाबत दाबत आणायचं, आणि माप जवळ आलं की दाबणं बंद करायचं. चाक नुसतं फिरत राहू द्यायचं. ठिणग्या कमी कमी होतात आणि आपोआप थांबतात. तेव्हाच पृष्ठभाग आरशासारखा होतो. जोर लावून तो तसा होत नाही. मी म्हटलं, हे मला कुठल्या चिनी ऋषीनं सांगितलेलं नाही. माझ्या भावानं सांगितलंय. तो इथंच बसलाय. आयुष्यभर त्यानं काही निवडलं नाही, आणि त्याचं काही अडलं नाही.

सगळ्यांनी वळून बघितलं. टाळ्या वाजल्या. अण्णा अर्धवट उठला, हात जोडले, पुन्हा बसला.

नंतर चहाच्या वेळी पुण्याकडच्या एक बाई मला म्हणाल्या, तुमचं मराठी किती गोड आहे हो, कन्नड मिसळलेलं. मी म्हटलं, आमचं मराठी तुमच्यापेक्षा दोनशे वर्षं आधी म्हैसूरला आलंय, वाटेत थोडं भिजलं. त्या हसल्या. मी खूष होते. सगळंच मनासारखं झालं होतं.

परतताना अण्णाच्या स्कूटरवर मागे बसले होते तेव्हा तो म्हणाला, "चांगलं बोललीस. पण ते स्पार्क-आउटचं अर्धंच सांगितलंस."

"काय राहिलं?"

"दाबणं कुठं बंद करायचं, ते आपणच ठरवतो की. अर्ध्या सेकंदानं चुकलं तर माल गेला. ते आपोआप होत नाही."

मला ती कारागिराची बारीकसारीक दुरुस्ती वाटली. पुढच्या वेळी घालते, म्हटलं. सिग्नल सुटला.

सोमवारी दुपारी चारला मी वर्ग संपवून बाहेर आले तेव्हा कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. बोलणारा तरुण होता, नम्र होता, कन्नडात बोलत होता. म्हणाला, मॅडम, तुमच्या ब्रदरचा फॉर्म आलाय, सही आहे, पण दोन्ही चौकोन रिकामे आहेत. कॉम्प्युटरमध्ये एक तरी घातल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. मी म्हटलं, मग त्यांना विचारा. तो म्हणाला, विचारलं. ते म्हणाले, पुट्टीला विचारा. पुट्टी कोण, तर त्यांनी तुमचा नंबर दिला आणि शिफ्टवर गेले.

कॉरिडॉरमधून पोरं जात होती, नमस्कार मॅम, नमस्कार मॅम. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

मी म्हटलं, त्यांना फोनवर बोलवा. तो म्हणाला, शेड लांब आहे, फोन गेटवर जमा असतात, आणि अजून तीसेक फॉर्म घालायचे आहेत. मी म्हटलं, हे मी सांगणं बरोबर नाही. तो फार समजूतदारपणे म्हणाला, मॅडम, बरोबर आहे, पण रिकामं ठेवलं तर बदली धरतील, आणि ते गेले नाहीत तर नाव कटेल, मग काहीच हाती येणार नाही. पाचला बंद होतं. दहा मिनिटांनी करतो.

त्या दहा मिनिटांत मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, मी काय सांगू, तुम्ही शनिवारी मोठं बोलून गेलात. मग रडायला लागली. तिकडं जाऊन काय खातील ते, भाषा कळत नाही, पोरीचं बारावीचं वर्ष. मी अण्णाच्या फोनवर चार वेळा केला. तो गेटवरच्या कपाटात वाजत असणार.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते मला स्वच्छ आठवतं. म्हटलं, तो पाण्यासारखा आहे, कुठंही ओतलं तरी तिथला होऊन राहील, मग त्याला इथं ठेवण्यात नुकसान काय? म्हणजे ज्या विचारावर मला कायम राग यायचा तोच मी कामाला लावला, कारण तो माझ्या सोयीचा होता. आणि सोय ही, की मला तो इथं हवा होता. आई-वडील दोघंही नाहीत. म्हैसूरला मला पुट्टी म्हणणारा तेवढा एकच माणूस आहे.

फोन आला. मी म्हटलं, निवृत्ती.

"खूण घालू ना, मॅडम?"

"घाला."

पलीकडे कीबोर्डचा एक टप्प आवाज आला. थँक्यू मॅडम, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णाच्या घरी जाऊन सांगितलं. वाटलं होतं, रागवेल. निदान विचारेल, का? तो म्हणाला, बरं झालं, काम झालं. महिनाअखेरीला शाल, हार, घड्याळ घेऊन घरी आला.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत, पण सांगते. पहिल्या पाळीची कंपनीची बस पहाटे चौकात यायची. बस बंद झाली, हा उठायचा बंद झाला नाही. आंघोळ करून, दाढी करून, पायरीवर बसायचा. वहिनीला आधी बरं वाटलं, भाजी आणतात, पोरीला क्लासला सोडतात. मग ती मला फोन करून सांगायला लागली की हे स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या कडा बोटानं चाचपून बघतात. मोहल्ल्यातल्या एका छोट्या वर्कशॉपवाल्यानं त्याला बोलावलं होतं. हा दोन दिवस गेला. यंत्र हलतं, माप राहत नाही, खोटं काम होतं म्हणाला आणि परत आला. मी विचारायचे, अण्णा, कसं चाललंय? तो म्हणायचा, चाललंय की. मी वाट बघत होते की एक दिवस तो मला बोल लावेल. जबाबदारी माझी आहे असं माझं तत्त्वज्ञान सांगत होतं, आणि मी ती घ्यायला तयारच होते. पण घेणार कुणाकडून? त्यानं माझ्या नावावर काही मांडलंच नव्हतं. इतकं जड ओझं इतक्या रिकाम्या हातातून कधी कुणाला मिळालं नसेल.

गेल्या महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. एक मासिक माझा निबंध छापणार होतं. स्पार्क-आउटचा भाग पक्का करून घ्यावा म्हणून मी वही काढली. अण्णा खुलला. ताटातच बोटानं आकृती काढून दाखवायला लागला. त्याचं मशीन जुनं, सकाळी थंड असताना किंचित डावीकडं ओढायचं. तासभर चालवून गरम केलं की सरळ व्हायचं. तोपर्यंत त्यावर मापाचं काम घ्यायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, ज्यानं चालवलं त्यालाच माहीत.

"ट्रकवर चढवलं तेव्हा मी होतो," तो म्हणाला. "ताडपत्री नीट बांधली नव्हती. मीच चढून बांधली." थोडा भात कालवला. "त्याच्याबरोबर जावंसं वाटत होतं."

मला वाटलं, तो असंच बोलतोय. "म्हणजे त्या वेळी?"

"नाही. आधीपासून. शेड बंद होणार म्हणाले तेव्हापासून. चार-पाच वर्षं तिकडं काढली असती, मग आलो असतो."

वहिनी आमटीचा डाव हातात धरून उभी होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

मी म्हटलं, "अण्णा, मग सांगितलं का नाहीस? मी तुला शनिवारी तासभर सांगत होते, निवड म्हणून."

"ते तू सांगत होतीस," तो म्हणाला, अगदी शांतपणे, जणू मी एखादं माप चुकीचं वाचलं होतं. "काय पाहिजे असं विचारलंस कुठं? विचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

"मग ऑफिसातल्या माणसाला तरी..."

"मला वाटलं, तू एवढं बोलून गेलीस, तुझ्या मनात काहीतरी पक्कं असणार. तुझं कधी चुकत नाही." मग हसला. "होगली बिडु. आमटी वाढ गं तिला."

पंचवीस वर्षं मी दोन प्रकारची माणसं शिकवत, शिकत आले. एक निवडणारा, एक सोडून देणारा. समोर बसलेला माणूस दोन्हीतला नव्हता. त्याला एक गोष्ट हवी होती, आणि तो कुणीतरी विचारेल म्हणून थांबला होता. आमच्या घरात त्याला कुणी विचारलंच नव्हतं, वडील गेल्या दिवसापासून. मीही नाही. मी शिकत होते.

मला काहीतरी करायचं होतं. मी म्हटलं, थांब, मी फोन लावते. तो तरुण माणूस चांगला होता, काही वाट असेल तर सांगेल, कंत्राटावर, सल्लागार म्हणून, मशीन डावीकडं ओढतं हे तरी त्यांना सांगता येईल. अण्णा जेवता जेवता म्हणाला, कशाला. मी लावलाच. त्या तरुणाचा नंबर बंद होता. मग मी ऑफिसचा जुना नंबर लावला. बराच वेळ वाजला. शेवटी एका म्हाताऱ्या आवाजानं उचलला. गेटवरचा पहारेकरी होता. म्हणाला, अम्मा, ऑफिस कधीच गेलं. तो मुलगाही गेला, कुठं ते माहीत नाही. इथं आता मी एकटा आहे.

अण्णानं विचारलं, "कोण, गेटवरचे? दे इकडं."

डाव्या हातानं त्यानं फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि ताटाशेजारी ठेवला. दोघांनी गुडघ्याची विचारपूस केली, लेकीच्या बाळंतपणाची केली. मग अण्णानं विचारलं की शेड उघडी आहे का. उघडीच आहे, आत आहे काय चोरायला, पहारेकरी म्हणाला. अण्णा म्हणाला, जरा आत जाऊन माझ्या जागेवर बघता का?

फोनवर पावलं ऐकू आली. आधी बाहेरची, मातीतली, मग आतली. आतली घुमत होती. वहिनी, मी, आतून आलेली पोरगी, सगळ्या त्या पावलांकडं कान लावून बसलो.

"आलो, अण्णा. इथं काही नाही. जमिनीत चार बोल्ट आहेत."

"तसेच आहेत? वर आलेले?"

"वीतभर वर आहेत."

"त्यावर काहीतरी उलटं घालून ठेवा. डबा, बादली, काहीही. पायाला लागेल कुणाच्या तरी."

"इथं येतंय कोण, अण्णा?" पहारेकरी म्हणाला.

"तरी पण," अण्णा म्हणाला. आणि पलीकडे तो माणूस बादली शोधत फिरतोय ते ऐकत, हात ताटातच ठेवून बसून राहिला. मी त्याला विचारणार होते, आता तुला काय पाहिजे? शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्याचं काहीही उत्तर आलं असतं तरी ते देणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही.